माकोचं हक्काचं मरण

मेलेल्या माणसाने कपाळावरून घसरणारं नाणं हात वर करून पकडू नये, एवढी साधी गोष्ट एकोव बेन्त्सिलला कुणी शिकवायची गरज नव्हती. नाटकात मरण्यात त्याची उमर गेली होती. तरी असिकुमा गावच्या त्या प्रयोगात त्याने नेमकं तेच केलं.

झालं होतं असं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी माकोला, म्हणजे एकोवच्या पात्राला, कोयत्याचा वार बसला. तो ताडीच्या गुत्त्यासमोर आडवा झाला. त्याचा मित्र क्वामिना धावत आला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागला. अशा वेळी आमच्याकडे प्रेक्षक नुसते बसून राहत नाहीत. एक जाडशी बाई डोळे पुसत रंगमंचावर चढली, कमरेच्या पदराची गाठ सोडून तिने दहा पेसेवांचं नाणं काढलं, थुंकी लावून मेलेल्या माकोच्या कपाळावर चिकटवलं आणि हुंदके देत खाली उतरली. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं. पण उकाडा मरणाचा, कपाळावर रंग आणि घाम, त्यात त्या माउलीची थुंकी कमी पडली असणार. नाणं भुवईवरून घसरलं. आणि माकोचा उजवा हात, मालकाला न विचारता, टपकन वर आला आणि त्याने नाणं झेललं.

मग सिनेमागृहाच्या त्या उघड्या आवारात असा हशा उसळला की कुंपणावरची पोरंही खाली पडली. क्वामिनाचं काम करणाऱ्या फिफीच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, ते तिथंच सुकलं. "मामा," तो ओठ न हलवता पुटपुटला, "एवढं नाणं घेतलंच आहेत तर आता उठून मलाही एक शेंगदाण्याची पुडी आणा."

पुढचा सगळा शोकान्त त्या रात्री पब्लिकने पोट धरधरून हसत पाहिला.

माको म्हणजे मिरची. मास्टर घार्तींनी स्वतः लिहिलेलं आणि स्वतःच्या गिटारवर बेतलेलं हे नाटक तसं सरळ होतं. एक म्हातारा कोकोचा मळा मागे ठेवून जातो. आमच्याकडे वारसा आईच्या कुळातून चालतो, तेव्हा रीतीने मळा भाच्याचा, पण राबलाय मुलगा. भाचा क्वामिना आईच्या पायाशी शपथ घेतो की काही झालं तरी आतेमामेभावावर हत्यार उचलणार नाही. क्वामिनाचा जिवलग मित्र माको याने मात्र कसलीच शपथ घेतलेली नसते, आणि त्याच्या जिभेला देवाने ब्रेक दिलेला नसतो. तो गुत्त्यावर बसून समोरच्या पार्टीच्या आजीपासून बकरीपर्यंत सगळ्यांची टिंगल करतो, टिंगलीचं भांडण होतं, भांडणाचा कोयता होतो, आणि मरतामरताही तो एक विनोद करून जातो. मित्र मेला म्हणून क्वामिना शपथ मोडतो. तिथून दोन्ही घरं मातीला मिळतात. म्हणजे नाटक चालतं ते माकोच्या जिभेवर आणि बुडतं ते माकोच्या मरणाने. माको मेला नाही तर पुढं काही घडायला कारणच उरत नाही.

आणि असिकुमानंतर माको मरेनासा झाला.

आमच्या भागात बातमी टपालाने जात नाही, लॉरीच्या ड्रायव्हरांबरोबर जाते. कंपनी पुढच्या गावात पोचायच्या आत माकोचं नाणं पोचलेलं असायचं. तो रंगमंचावर आडवा झाला की लोकांना उमाळा येण्याऐवजी खेळ सुचायचा. चारी बाजूंनी नाणी यायची. "माको, हे बघ, पन्नास पेसेवा!" "डाव्या हाताने झेल!" "अरे, मेल्याला खाज सुटलीय, नाक खाजवा त्याचं!" एकाने तर मक्याच्या आंबवलेल्या पिठाची गरम केंकी आणि तळलेला मासा आणून त्याच्या नाकाजवळ ठेवला आणि वास घेतो का ते बघत उकिडवा बसला. फिफी मांडीवर डोकं घेऊन रडायचा, लोक त्याला ओरडायचे, "बाजूला हो रे, दिसत नाही!"

मास्टर घार्ती मुळात धंदेवाईक माणूस. फाटक्या सुटात, गिटार पोटाशी धरून, लोकांच्या चेहऱ्यांवरून पुढचं पद बांधणारा. चौथ्या गावात त्यांनी निर्णय घेतला.

"एकोव, उद्यापासून तू मरायचं नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे जखमी व्हायचं. पट्टी बांधायची, लंगडत फिरायचं आणि शेवटपर्यंत विनोद करायचे. लोकांना तू हवायस. मी कोण नाही म्हणणारा?"

"आणि क्वामिना शपथ कशासाठी मोडणार? माझ्या लंगडण्यासाठी?"

"ते मी गाण्यातून सांभाळतो."

मास्टर गाण्यातून काहीही सांभाळत. त्यांच्या तारांनी यापूर्वी एक बुडालेली होडी आणि दोन अवेळी बाळंतपणं सांभाळली होती.

आता हे ऐकून कुणीही म्हणेल, एकोवला बरंच झालं. नटाला शेवटपर्यंत रंगमंच मिळाला, लोक त्याच्यावर जीव टाकताहेत, अजून काय हवं? पण असं म्हणणाऱ्याने आमच्या नाटकाचे प्रयोग उभं राहून कधी केलेले नसतात. सुरुवातीची नाचाची गाणी, मग विनोदाचा प्रवेश, मग नाटक, आणि मधेमधे कुणी पैसे चिकटवले की पुन्हा नाच. लोक कोंबडं आरवायच्या आत घरी जायला बघत नाहीत, रस्ता काळोखाचा म्हणून. या सगळ्यात एकोवला एकच गोष्ट हक्काची होती: दुसऱ्या अंकाअखेरचं मरण. मेला की तो मागच्या बाजूने सरपटत बाहेर पडायचा, ओठांभोवतीचा पांढरा रंग पामतेलाने पुसायचा, एक केंकी खायचा आणि लॉरीत कपड्यांच्या गाठोड्यांवर अंग टाकायचा. लांबून फिफीचं रडणं, मास्टरांची गिटार आणि लोकांचे हुंदके ऐकतऐकत त्याला झोप लागायची. इतकी वर्षं लोकांच्या रडण्यावरच तो झोपत आला होता. आता ते रडणंही गेलं आणि झोपही.

एकोव समुद्रकाठच्या अपामचा. आई मासे धुरवायची. वडील होडीवर. पोराने शिंप्याकडे उमेदवारी करावी असं ठरलं होतं आणि तो गेलाही. पण काजं करताना तो गिऱ्हाइकांच्या चालण्याच्या नकला करायचा, आणि मापाला उभ्या असलेल्या एका पाद्रीबाबांचीच नक्कल त्यांच्या पाठीमागे केल्यावर शिंप्याने त्याला टेपसकट बाहेर काढलं. मास्टर घार्तींच्या कंपनीत आधी तो बायकांची कामं करायचा. झगा, रुमाल, छातीला चिंध्या. मग आवाज फुटला, खांदे रुंद झाले आणि माको त्याच्या वाट्याला आला. तो माको इतका चांगला करायचा की लोकांना दोघांतला फरक उरला नाही. बाजारात कांदे घ्यायला गेला तरी बायका म्हणायच्या, "ए माको, काहीतरी चावरं बोल की!" आणि तो बोलायचा. न बोलून जातो कुठं? तोंडाचा राग आणि तोंडाचा विनोद एकाच नळाने येतात, हे त्यालाही ठाऊक होतं. एकदा नळ उघडला की कांदेवालीलाही टोमणा, ड्रायव्हरलाही टोमणा, आणि दोनचारदा तर पोलिसालाही. त्यापायी मारही खाल्ला होता, आणि तो नाटकातल्या कोयत्यासारखा पुठ्ठ्याचा नव्हता.

पण आता तो थकला होता. गुडघा पावसाळ्यात धरायचा. विनोद आपोआप ओठांवर यायचे, पण ते आपलेच उष्टे असल्यासारखे वाटायचे. लंगडत, पट्टी बांधून, तिसऱ्या अंकात विनोद करताना तो बघायचा की मागे फिफी उभा आहे, हातात कोयता आहे, आणि कुणावर उगारायचा ते त्याला कळत नाही.

फिफी फार बोलायचा नाही. एक दिवस लॉरीच्या सावलीत केस विंचरता विंचरता म्हणाला, "मामा, तुमच्या मरणावर मी रडायचो ना, तेवढाच एक तुकडा होता माझ्याकडे. आई बघायला आली होती एकदा. तिला वाटलं, पोरगा नट झाला. आता मी काय करतो? तुमची पट्टी बांधतो. कंपाउंडर झालोय."

एकोवने तोंड उघडलं. टोमणा तयार होता. पण तो गिळला. गिळलेला टोमणा इतका कडू असतो हे त्याला आत्ता कळलं.

तो तसाच मास्टरांकडे गेला. मास्टर तारा बदलत होते.

"मला माझं मरण परत द्या."

"पुन्हा तेच?"

"मास्टर, नाटकाला काही अर्थ उरला नाही. लोक हसतात आणि जातात. पूर्वी ते सकाळी आपल्याला बघून, रात्रीचं रडणं आठवून, मान खाली घालायचे. आठवतं?"

"हसून गेलेले लोक पुन्हा येतात."

"आणि मी? मला झोप हवीय हो. दुसऱ्या अंकानंतर मला मरू द्या, नाहीतर एखाद्या दिवशी पहिल्यातच मरेन."

मास्टरांनी तार ताणून बघितली. ते निर्दय नव्हते. फक्त त्यांना रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटायची. "ठीक आहे," ते म्हणाले. "अजुमाकोला मर. एकदाच. कुणीही हसलं नाही तर मरण तुझं, कायमचं. पण एकाने जरी 'ऊठ' म्हटलं आणि बाकीचे हसले, तर हे नाटक जगेल तोवर तू जगायचंस. कबूल?"

"कबूल," एकोव म्हणाला, आणि मग त्याला अंतर आठवलं. अजुमाको असिकुमाला इतकं जवळ, की तिथली अर्धी माणसं ते नाणं प्रत्यक्ष बघून आलेली होती.

अजुमाकोला दुपारी लॉरी कर्णा लावून गावभर फिरली. माको टपावर बसला होता आणि लोक खालून हात वर करून नाणं झेलायची नक्कल करत होते. प्रत्येक वळणावर एक नवा माको. एका घरासमोर मात्र कुणी हसत नव्हतं. ओसरीवर एक म्हातारी काळ्या कापडात, पाय लांब करून बसली होती आणि रस्त्याने जाणारे आवाज कमी करून जात होते. ड्रायव्हर म्हणाला, "ती अचेरे आजी. इथली रडणारी. ती रडली नाही तर या गावात मयत पुरं झालं असं कुणी मानत नाही. तिच्या रडण्यात एकदा गावचा मुखियाही हसला होता म्हणे. पुढे त्याच्या मयताला ती गेलीच नाही."

एकोव टपावरून उतरला.

"आजी, नमस्कार."

"ये. बस. तू तो मेलेला ना, नाणी झेलणारा?"

"तोच. धंद्यात जरा सुधारणा केली होती."

आजी हसली नाही. "तुझी गंमत बाहेर ठेव. इथं चपला काढतात तशी. काय हवंय?"

त्याला सरळ बोलायची सवय नव्हती. दोन विनोद त्याने आणखी करून पाहिले, तिने दोन्ही माश्या हाकलल्यासारखे घालवले. शेवटी तो म्हणाला, "आज मी पडल्यावर तुम्ही उठून रडाल का? तुम्ही रडलात तर कुणी हसणार नाही."

"जित्या माणसासाठी?" आजीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पाय आखडून घेतले. "तुझं नाव घेऊन रडू? मेलेले म्हातारेकोतारे तिकडे म्हणतील, बोलावणं आलंय, चला आणायला. उद्या सकाळी तू उठला नाहीस तर कोण जबाबदार? तुझा गिटारवाला?"

"नाव नका घेऊ."

"नावाशिवाय रडणं म्हणजे आरडाओरडा. त्यासाठी तुमच्या लॉरीला कर्णा आहे." तिने अंगावरचं कापड सारखं केलं. "घरात कोण गेलंय तुझ्या?"

"आई."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"तू रडलास?"

एकोवने अंगणातल्या कोंबडीकडे बघितलं. "तेव्हा कंपनी तार्क्वाला होती. निरोप यायला वेळ लागला. निरोप आला तेव्हा तोंड रंगवून तयार होतो. मास्टर म्हणाले, जा. पण बाहेर लोक बसले होते. म्हटलं, प्रयोग करून जातो. मग पुढच्या गावचा प्रयोग आला. बहिणींनी केलं सगळं. मी ड्रायव्हरबरोबर कापड पाठवलं."

"कापड पाठवलं," आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "नाव काय तिचं?"

"एसी टेचीवा."

"कूळ?"

"आनोना."

"म्हणजे पोपटाची माणसं. तरीच जिभेला हाड नाही." पहिल्यांदाच तिच्या गालावर काहीतरी हललं. मग ती विचारत राहिली: आईच्या आईचं गाव कोणतं, ती कशासाठी ओळखली जायची, रागावली की काय म्हणायची. एकोव सांगत राहिला. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आईबद्दल सांगताना त्याला एकही विनोद सुचत नाहीये.

"जा आता," आजी म्हणाली. "मी तिच्यासाठी रडेन. तू तिथं फक्त पडून राहा. आणि हात खाली ठेव."

प्रयोगाला गर्दी तुफान झाली. माकोने गुत्त्यावरची टिंगल इतकी झणझणीत केली की लोक खुर्च्यांवर चढले. मग कोयता चालला. माको पडला, शेवटचा विनोद केला, डोळे मिटले. फिफीने डोकं मांडीवर घेतलं.

पहिलं नाणं लगेच आलं. हनुवटीवर लागलं. दुसरं कानाशी. "झेल की रे!" कुणीतरी ओरडलं. "ऊठ माको, हिशोब कर!" हशाची पहिली लाट यायला लागली होती. एकोवने मिटल्या डोळ्यांनी फिफीच्या मांडीचे स्नायू ताठ झालेले ओळखले. संपलं, त्याला वाटलं. आता नाटक जगेल तोवर जगायचं.

आणि मागच्या रांगेतून एक आवाज निघाला. मोठा नव्हता. जुन्या दाराचा येतो तसा.

"एसी टेचीवा! पोपटाच्या कुळातली लेक, टोपली कितीही भरली तरी मान ताठ ठेवणारी! अपामच्या वाळूवर तुझा धूर दिसला की होड्या घराकडे वळायच्या. आज होड्या विचारतात, धूर कुठंय? आज मासे विचारतात, हात कुठंय?"

अचेरे आजी दोन्ही हात डोक्यावर घेऊन, पावलं मोजल्यासारखी टाकत पुढे येत होती. लोक बाजूला होत होते. हसणाऱ्यांचं हसू तोंडातच राहिलं, ते बाहेरही येईना आणि आतही जाईना. बायकांनी डोक्याचे रुमाल सोडले. कोण एसी टेचीवा, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण मेलेल्याला आई असते हे सगळ्यांना माहीत होतं.

"तू कांदा चिरताना पोराला म्हणायचीस, रडू नको, मयत नाही हे, माझा रस्सा आहे. आता कोण चिरतंय, एसी? पोर लांबच्या वाटेवर होतं. पोराने कापड पाठवलं, डोळे पाठवले नाहीत. तिकडे पोचलीस ना? मग पाणी मागून घे आणि आमच्यासाठीही घोटभर ठेव."

बायकांनी ओळ उचलली. मग पुरुषांनी. आजी रंगमंचावर आली, आपल्या अंगावरचं काळं कापड काढून तिने एकोवला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं. बरं झालं झाकलं ते. कारण मेलेल्या माकोच्या कानशिलांवरून पाणी ओघळत होतं आणि ते झेलायला त्याचा कुठलाच हात वर आला नाही.

फिफी कधी रडायला लागला, ते त्यालाही कळलं नाही. मास्टरांनी गिटारवरचा हात उचलून बाजूला ठेवला. तिसऱ्या अंकात फिफीने कोयता उचलला तेव्हा समोरून एक म्हातारा ओरडला, "नको रे पोरा, शपथ घातलीय तुला आईने!" नाटकात हेच व्हायला हवं होतं.

माको तेव्हा लॉरीत होता. केंकी तशीच पुढ्यात होती. लांबून हुंदके येत होते, अगदी पूर्वीसारखे, पण त्यांच्यावर झोप येईना. ती दुसऱ्या दिवशी आली, आणि मग रोज येत राहिली.

मास्टरांनी शब्द पाळला. "मर बाबा," ते म्हणाले, "पण आता त्या म्हातारीसारखं रडणं मी कुठून आणू?" आणावं लागलं नाही. ड्रायव्हरांनी तीही बातमी पुढं नेली होती. अजुमाकोनंतर माको पडला की बायका आपापल्या घरची नावं घेऊन रडायला लागल्या. प्रत्येक गावात माकोला नवी आई मिळाली.

आता रीत अशी, की आपल्या माणसासाठी जी रडते तिला घरच्यांनी जिनची बाटली नेऊन आभार म्हणायचे. स्वतः जाऊन. निरोपाने नाही, ड्रायव्हरबरोबर तर नाहीच. अजुमाको सोडताना एकोवकडे बाटली नव्हती. मंकेसिमला त्याने ती घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि फिफीला म्हणाला, "परतताना अजुमाकोच्या नाक्यावर उतरतो, देतो आणि चालत येतो."

परतताना लॉरी त्या नाक्यावरून गेली तेव्हा तो गाठोड्यांवर गाढ झोपला होता. फिफीने उठवलं नाही. "इतके दिवस झोप नव्हती तुम्हाला मामा, उठवायला जीव झाला नाही," असं तो म्हणाला. एकोवने त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पण ते माको बोलत होता, हे दोघांनाही कळलं आणि दोघेही हसले.

कंपनी सध्या तार्क्वाच्या बाजूला आहे. बाटली पेटीत आहे, बायकांच्या झग्यांच्या घडीत. पुढचा दौरा अजुमाकोवरून आहे की नाही, ते मास्टर अजून सांगत नाहीत. फिफी अधूनमधून पेटी उघडून बाटली भरलेली आहे ना ते बघतो, आणि झाकण लावताना विचारतो, "मामा, आजी थांबली असेल ना?"

"थांबेल," एकोव म्हणतो आणि कूस बदलतो. "तिला सांगून आलोय, उशीर होईल म्हणून."

असं त्याने सांगितलेलं नव्हतं.